कोंडलेली उष्णता : उष्मादायी अभिक्रिया, तापमान आणि औद्योगिक सुरक्षा

२९ ऑक्टोबर २००९ रोजी सायंकाळी जयपूरच्या सीतापुरा औद्योगिक क्षेत्रातील इंडियन ऑइल कॉर्पोरेशनच्या साठवणूक आगारात पेट्रोलची गळती सुरू झाली. शेजारच्या भारत पेट्रोलियमच्या आगाराकडे वाहिनीतून पेट्रोल पाठविण्याची तयारी चालू असताना ही गळती झाली. सुमारे सव्वा तास पेट्रोल उसळत राहिले, त्याची वाफ आवारभर पसरली आणि साडेसातच्या सुमारास प्रचंड स्फोट झाला. ११ जणांना प्राण गमवावे लागले. जवळजवळ दोन किलोमीटर अंतरावरील इमारतींच्या काचा फुटल्या. एकामागून एक पेटलेल्या टाक्यांची आग विझविणे अशक्य ठरले. ती आपोआप शमेपर्यंत सुमारे ११ दिवस गेले.

अशा घटनांकडे आपण बहुधा 'अपघात' म्हणून पाहतो. तथापि त्यांच्या मुळाशी असलेले रसायनशास्त्र शालेय पाठ्यपुस्तकातील आहे आणि त्यांच्या परिणामांचा हिशेब अर्थशास्त्राचा आहे. उष्णता बाहेर टाकणारी रासायनिक अभिक्रिया जेव्हा अशा जागी घडते की निर्माण झालेल्या उष्णतेला बाहेर पडण्यास वाव नसतो, तेव्हा तापमानाचे काय होते, हा या विषयाचा गाभा आहे. सामान्य विज्ञान, आपत्ती व्यवस्थापन, पर्यावरणविषयक कायदे आणि औद्योगिक विकास हे परीक्षेतील चार स्वतंत्र घटक येथे एकत्र येतात. म्हणूनच प्रस्तुत लेखात मूळ संकल्पनेपासून सुरुवात करून भोपाळ, विशाखापट्टणम व जयपूर येथील घटनांपर्यंत आणि तेथून धोरणापर्यंतचा विचार केला आहे.

मूळ संकल्पना

ज्या अभिक्रियेत उष्णता मुक्त होते तिला उष्मादायी अभिक्रिया म्हणतात. इंधनाचे ज्वलन, आम्ल व अल्कली यांचे उदासिनीकरण, सिमेंटचे घट्ट होणे ही तिची परिचित उदाहरणे होत. कळीच्या चुन्यावर पाणी घातल्यावर तो फसफसून गरम होतो, हेही त्यांपैकीच एक. जयपूरच्या जुन्या महालांच्या व हवेल्यांच्या भिंतींवर आराइश नावाचा जो तुळतुळीत गिलावा दिसतो, त्याचा पाया हा विरी गेलेला चुनाच आहे.

येथे विद्यार्थ्यांचा एक नेहमीचा गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. उष्मादायी अभिक्रियेत उष्णता 'बाहेर पडते' असे आपण शिकतो. परंतु पात्र पूर्णपणे उष्मारोधित असेल, तर त्यातून बाहेर जाणारी उष्णता शून्य असते. मग अशा पात्रातील अभिक्रिया उष्मादायी कशी म्हणावी? याचे उत्तर ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमात आहे. अभिक्रियेत जुने रासायनिक बंध तुटतात व नवे तयार होतात. नवे बंध अधिक स्थिर असल्यास ऊर्जेचा काही भाग शिल्लक राहतो. पात्र उघडे असेल, तर ही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सभोवताली जाते. पात्र उष्मारोधित असेल, तर ती आतील रेणूंच्याच गतीत सामावते आणि रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा वाढणे म्हणजेच तापमान वाढणे. थोडक्यात, उष्मारोधित प्रणालीत एकूण ऊर्जा बदलत नाही. तिचे केवळ रूपांतर होते आणि ते रूपांतर तापमापीवर दिसते. अशा प्रणालीस शास्त्रीय परिभाषेत 'ॲडियाबॅटिक' म्हणतात.

तापमान किती वाढेल याचे सूत्र साधे आहे :

तापमानवाढ = मुक्त झालेली उष्णता ÷ (मिश्रणाचे वस्तुमान × विशिष्ट उष्माधारकता)

चुन्याचेच उदाहरण घेऊ. एक किलो शुद्ध कळीचा चुना पूर्णपणे विरला, तर सुमारे ११५० किलोज्यूल उष्णता मुक्त होते. उष्णता बाहेर जाऊ न देणाऱ्या पात्रात तो १० लिटर पाण्यात टाकला, तर तापमान सुमारे २७ अंश सेल्सिअसने वाढेल. तोच चुना केवळ ३ लिटर पाण्यात टाकला, तर वाढ सुमारे ९० अंश होईल. म्हणजे पाणी उकळू लागेल आणि चुना अंगावर उडेल. अभिक्रिया तीच, चुना तेवढाच, मुक्त होणारी उष्णताही तेवढीच. बदलले ते उष्णता सामावून घेणारे वस्तुमान. कमी पाण्यात चुना विरविताना भाजण्याचा धोका का वाढतो, हे यावरून लक्षात येते.

उष्मारोधन तीन प्रकारांनी होते

उष्मारोधित प्रणाली म्हटले की थर्मास डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात उष्णता तीन वेगवेगळ्या कारणांनी कोंडली जाते आणि या तिन्ही कारणांतील भेद समजून घेणे महत्त्वाचे आहे.

पहिले कारण म्हणजे भिंत. टाकीभोवती उष्मारोधक थर असेल किंवा ती जमिनीत गाडलेली असेल, तर उष्णतेचा मार्ग अडतो. शीत रसायन बाहेरच्या उन्हाने तापू नये म्हणून दिलेले आवरण आत उष्णता निर्माण होऊ लागल्यावर तिला आतच अडकवून ठेवते.

दुसरे कारण म्हणजे आकार. उष्णता घनफळात निर्माण होते, बाहेर मात्र पृष्ठभागातूनच पडते. १० सेंटिमीटर बाजू असलेल्या घनाकृती पात्रात एक लिटर द्रव मावतो आणि त्याला ६०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग मिळतो. दोन मीटर बाजूच्या टाकीत ८००० लिटर द्रव मावतो, परंतु प्रत्येक लिटरच्या वाट्याला केवळ ३० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग येतो. म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याचा मार्ग वीस पटींनी अरुंद होतो. प्रयोगशाळेतील चंचुपात्रात निरुपद्रवी वाटणारी अभिक्रिया कारखान्यातील मोठ्या पात्रात धोकादायक ठरते ती यामुळेच. ओली वैरण रचलेल्या गंजीत आतून वाफ धरते आणि कधी कधी ती आपोआप पेटते, हा शेतकऱ्यांचा अनुभव त्याच नियमाचे रूप आहे. तेथे सुरुवातीची उष्णता सूक्ष्मजीवांची असते, पुढची हवेतील ऑक्सिजनशी होणाऱ्या अभिक्रियेची. कोळशाचे ढीगही असेच पेटतात. झारखंडमधील झरिया कोळसाक्षेत्रात १९१६ साली पहिली आग नोंदविली गेली आणि तेथील भूगर्भातील आगींची समस्या एक शतक उलटूनही संपलेली नाही.

तिसरे कारण म्हणजे वेग. अभिक्रिया इतकी जलद घडली की उष्णतेला बाहेर पडण्यास वेळच मिळाला नाही, तर भिंत नसतानाही प्रणाली जवळजवळ उष्मारोधितच ठरते. उघड्यावर पसरलेल्या पेट्रोलच्या वाफेचा स्फोट हे याचे उदाहरण. जयपूरची घटना या प्रकारात मोडते.

दोन आलेख आणि निसटणारा वेळ

वरील सूत्र तापमान शेवटी किती होईल हे सांगते. ते केव्हा होईल, हे समजण्यासाठी अभिक्रियेच्या वेगाकडे वळावे लागते. अनेक अभिक्रियांचा वेग दर १० अंश तापमानवाढीबरोबर ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजेच उष्णतेची निर्मिती तापमानाबरोबर घातांकी गतीने वाढते. याउलट, थंड पाणी फिरवून किंवा पृष्ठभागावाटे बाहेर टाकता येणारी उष्णता तापमानातील फरकाच्या साध्या प्रमाणात वाढते. एक आलेख झपाट्याने वर वळणारा, दुसरा सरळ रेषेचा. जोपर्यंत सरळ रेषा वरचढ आहे तोपर्यंत प्रणाली स्थिर राहते. वक्ररेषेने एकदा ती ओलांडली की तापमान वाढते, त्यामुळे अभिक्रिया वेगवान होते, त्यामुळे तापमान आणखी वाढते. हे दुष्टचक्र अभिकारके संपेपर्यंत किंवा पात्र फुटेपर्यंत थांबत नाही. यालाच अनियंत्रित अभिक्रिया म्हणतात. सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय सेम्योनोव यांनी १९२८ च्या सुमारास औष्णिक स्फोटाची ही उपपत्ती मांडली. रासायनिक अभिक्रियांच्या यंत्रणेवरील संशोधनासाठी त्यांना १९५६ साली सिरिल हिन्शेलवुड यांच्यासमवेत रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पूर्ण उष्मारोधित प्रणालीत सरळ रेषा शून्यावर असते. म्हणून तेथे प्रश्न फक्त वेळेचा उरतो. एक काल्पनिक हिशेब पाहू. समजा, अशा टाकीत तापमान पहिल्या १० अंशांनी वाढण्यास १० तास लागले. वेग दुप्पट झाल्याने पुढील १० अंशांना ५ तास लागतील, त्यापुढील टप्प्यांना अडीच तास, सव्वा तास आणि साधारण ३७ मिनिटे. पन्नास अंशांची वाढ होईपर्यंत सुमारे १९ तास २२ मिनिटे लोटतील. उरलेल्या सर्व टप्प्यांची बेरीज, ते कितीही असोत, आणखी ३८ मिनिटांच्या वर जात नाही. म्हणजे हाती असलेल्या एकूण २० तासांपैकी निम्मा वेळ पहिल्या दहा अंशांतच खर्च होतो आणि नेमका त्याच काळात तापमापीवरील बदल किरकोळ वाटतो. संकट ठळकपणे दिसू लागते तेव्हा उपायाचा अवधी संपत आलेला असतो. औद्योगिक सुरक्षेचे सारे शास्त्र या एका गणितावर उभे आहे.

भोपाळ : बंद पडलेले शीतकरण

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होते. टाकी अंशतः जमिनीत गाडलेली व आच्छादलेली होती. हे रसायन पाण्याशी उष्मादायी अभिक्रिया करते आणि सुमारे ३९ अंश सेल्सिअसला उकळते. म्हणूनच ते शून्य ते पाच अंशांच्या दरम्यान ठेवणे अपेक्षित होते. परंतु टाकीची शीतकरण यंत्रणा जून १९८४ पासून बंद होती. टाकीत पाणी शिरले आणि अभिक्रिया सुरू झाली. पाणी नेमके कसे शिरले याविषयी कंपनीचे व भारतीय तपासयंत्रणांचे म्हणणे भिन्न राहिले. उष्णता कोंडली गेल्याने तापमान २०० अंशांच्या पुढे गेले आणि दाब वाढून विषारी वायू बाहेर पडला. वायू शोषून घेणारी यंत्रणा व तो जाळून टाकणारा मनोरा हे पुढील संरक्षक टप्पेही त्या रात्री उपयोगी पडले नाहीत. हजारो लोक मृत्युमुखी पडले व लाखो बाधित झाले.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. शीतकरण चालू असते तर रसायनाचा प्रारंभ खूपच कमी तापमानावर झाला असता आणि अभिक्रियेचा वेग अनेक पटींनी मंद राहिला असता. शीतकरणाने पाण्याचा शिरकाव थांबला नसता, परंतु कर्मचाऱ्यांना वेळ मिळाला असता.

विशाखापट्टणम : स्तब्ध टाकी

७ मे २०२० रोजी पहाटे विशाखापट्टणम येथील एलजी पॉलिमर्सच्या कारखान्यातून स्टायरीनची वाफ आसपासच्या वस्तीत पसरली आणि किमान १२ जणांचा मृत्यू झाला. कोविडच्या टाळेबंदीमुळे कारखाना मार्चअखेरपासून बंद होता आणि स्टायरीन आठवडेच्या आठवडे टाकीत पडून होते. स्टायरीनचे रेणू एकमेकांशी जोडले जाऊन बहुवारिक तयार होणे ही उष्मादायी क्रिया आहे व ती संथपणे आपोआपही घडते. ती रोखण्यासाठी त्यात प्रतिबंधक रसायन मिसळावे लागते आणि द्रव थंड ठेवून फिरवत राहावा लागतो.

आपले सूत्र येथे लावून पाहू. एक किलो स्टायरीनचे पूर्ण बहुवारिकीकरण झाल्यास सुमारे ६७० किलोज्यूल उष्णता मुक्त होते. त्याची विशिष्ट उष्माधारकता ढोबळमानाने २ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश धरली, तर उष्मारोधित स्थितीत तापमान सुमारे ३३५ अंशांनी वाढू शकते. स्टायरीन १४५ अंशांना उकळते. म्हणजे ३० अंशांपासून सुरुवात केली तर केवळ एक तृतीयांश स्टायरीनची अभिक्रिया होताच टाकी उकळू लागते. आंध्र प्रदेश शासनाने नेमलेल्या उच्चाधिकार समितीने जुलै २०२० मध्ये आपला अहवाल सादर केला. प्रतिबंधक रसायनाची कमतरता, शीतकरणातील त्रुटी आणि टाकीच्या वरच्या थरांतील तापमान मोजण्याची सोय नसणे यांवर त्यात बोट ठेवण्यात आले. तापमापी तळाशी होती, उष्णता मात्र वरच्या थरांत साठत होती. वर मांडलेल्या हिशेबातील पहिले दहा अंश येथे कोणाला दिसलेच नाहीत.

जयपूर : ठिणगीपूर्वीची ७५ मिनिटे

जयपूरची घटना वरील दोहोंपेक्षा वेगळी आहे. टाकीतील पेट्रोल आपोआप तापत नव्हते. धोका होता तो हवेत मिसळलेल्या वाफेचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने ती जमिनीलगत पसरते. हवेतील तिचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असताना एखादी ठिणगीही पुरते. त्या सायंकाळी वारा जवळजवळ पडलेला होता. त्यामुळे वाफेचा ढग विरून न जाता विस्तारत गेला. सुमारे एक हजार टन पेट्रोल बाहेर आले होते. ठिणगी पडताच ज्वलन इतक्या वेगाने झाले की उष्णतेला सभोवताली जाण्यास अवधी मिळाला नाही. पेट्रोल व हवेच्या योग्य मिश्रणाचे तापमान अशा स्थितीत सुमारे २००० अंशांपर्यंत जाते आणि वायू सात ते आठ पटींनी प्रसरण पावतात. झाडे, भिंती व वाहिन्यांच्या अडथळ्यांमधून जाताना ज्योतीचा वेग वाढतो आणि त्या प्रसरणाचे रूपांतर विध्वंसक दाबलहरीत होते.

याचा अर्थ असा की भोपाळला हाताशी काही तास होते, विशाखापट्टणमला अनेक दिवस होते, तर जयपूरला ठिणगी पडल्यानंतर सेकंदही नव्हते. तेथील सारा उपलब्ध वेळ ठिणगीपूर्वीचा, म्हणजे सुमारे ७५ मिनिटांचा होता. त्या वेळेत टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करणे एवढेच आवश्यक होते. परंतु गळतीजवळ गेलेल्या कर्मचाऱ्यांना वाफेने गुदमरून टाकले आणि नियंत्रण कक्षातून दूरस्थपणे तो व्हॉल्व्ह बंद करण्याची सोय कार्यरत नव्हती. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने एम. बी. लाल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने जानेवारी २०१० मध्ये अहवाल दिला. दूरस्थ नियंत्रित व्हॉल्व्ह, बाष्प गळतीची सूचना देणारे संवेदक आणि कार्यपद्धतींचे काटेकोर पालन यांवर समितीने भर दिला. नुकसानीचा अंदाज सुमारे २८० कोटी रुपयांचा होता.

जयपूरला या धड्याची आठवण पुन्हा एकदा झाली ती कुंपणाबाहेर. २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूर-अजमेर महामार्गावर भांकरोटा परिसरात एलपीजी टँकरला ट्रकची धडक बसली. बाहेर पडलेल्या वायूने पेट घेतला व मागेपुढे असलेली अनेक वाहने त्यात सापडली. ज्वालाग्राही पदार्थांची जोखीम कारखान्याच्या आवारापुरती मर्यादित नसते, ती वाहतुकीबरोबर प्रवास करते.

उष्मारोधनाची उपकारक बाजू

उष्णता कोंडणे हे नेहमीच संकट नसते. गंधकाम्लाच्या निर्मितीत सल्फर डायऑक्साइडचे सल्फर ट्रायऑक्साइडमध्ये रूपांतर उत्प्रेरकाच्या उष्मारोधित थरांमध्येच केले जाते. वायू सुमारे ४२० अंशांना आत येतो व पहिल्या थरात ६०० अंशांच्या आसपास जातो. अभिक्रिया उष्मादायी असल्याने ल शातेलिए यांच्या तत्त्वानुसार उच्च तापमानाला समतोल उलट दिशेने झुकतो आणि रूपांतर अपुरे राहते. म्हणून प्रत्येक थरानंतर वायू थंड करून पुढील थरात सोडला जातो आणि काढून घेतलेल्या उष्णतेपासून वाफ तयार केली जाते. राजस्थानात चंदेरिया येथील जस्त उद्योगात धातूबरोबर गंधकाम्ल हे उपउत्पादन मिळते ते याच प्रक्रियेने.

धरणांच्या बांधकामातही हाच विचार करावा लागतो. सिमेंट घट्ट होताना उष्णता मुक्त होते. घनमीटरला ३०० किलो सिमेंट असलेल्या काँक्रीटच्या अवाढव्य ठोकळ्याच्या गाभ्यात तापमान ४० अंशांहून अधिक वाढू शकते. बाहेरचा भाग थंड व गाभा तप्त राहिल्यास तडे जातात. त्यावर उपाय म्हणून बर्फमिश्रित पाणी वापरणे, थर पातळ ठेवणे किंवा सिमेंटचा काही भाग फ्लाय ॲशने भरून काढणे असे मार्ग योजतात. महाराष्ट्रातील घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पात भारतात प्रथमच रोलरने दाबलेल्या काँक्रीटची धरणे बांधण्यात आली. त्यात फ्लाय ॲशचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला गेला. उष्णतेचे गणित आधी मांडले, तर तीच उष्णता काबूत राहते किंवा ऊर्जेचा स्रोतही बनते.

अर्थशास्त्राची बाजू

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भोपाळमधील शीतकरण यंत्रणा, विशाखापट्टणममधील तापमापी, जयपूरमधील दूरस्थ व्हॉल्व्ह या तिन्ही गोष्टी उद्योगाच्या एकूण भांडवलाच्या तुलनेत स्वस्त होत्या. तरीही त्या वेळेवर उपलब्ध का नव्हत्या?

याचे एक कारण हिशेबाच्या पद्धतीत आहे. शीतयंत्र बंद ठेवल्याने वाचलेले वीजबिल ताळेबंदात तत्काळ दिसते. त्यामुळे वाढलेली जोखीम मात्र कोणत्याही रकान्यात दिसत नाही. सुरक्षा यंत्रणेचे यश म्हणजे काहीही न घडणे. जे घडले नाही त्याचे मोल सांगणे कठीण असल्याने काटकसरीचा पहिला घाव देखभालीवर पडतो.

दुसरे कारण अर्थशास्त्रातील 'बाह्य परिणाम' या संकल्पनेत आहे. सुरक्षेचा खर्च कंपनीला करावा लागतो, पण अपघाताची बहुतांश किंमत कामगार, शेजारची वस्ती, रुग्णालये आणि शासन यांच्या वाट्याला येते. ही किंमत उत्पादकाला मोजावी लागत नसेल, तर तो समाजाच्या दृष्टीने आवश्यक त्याहून कमी सुरक्षा पुरवील, हे बाजाराचे स्वाभाविक अपयश होय. भोपाळप्रकरणी फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. ती अपुरी असल्याचे सांगून अधिक भरपाई मागणारी केंद्र सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. दुर्घटना घडून गेल्यानंतर तिची किंमत वसूल करणे किती दुष्कर असते, हे यावरून दिसते.

म्हणूनच कायद्याचे कार्य ही किंमत आधीच उत्पादकाच्या हिशेबात आणण्याचे आहे. परीक्षेच्या दृष्टीने पुढील टप्पे क्रमाने लक्षात ठेवावेत :

• १९८६ : पर्यावरण (संरक्षण) अधिनियम. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्लीतील ओलियम वायू गळतीप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 'संपूर्ण दायित्वा'चे तत्त्व मांडले. धोकादायक उद्योग चालविणाऱ्यास कोणताही अपवाद पुढे करून भरपाई टाळता येत नाही आणि भरपाईचे प्रमाण उद्योगाच्या क्षमतेशी निगडित असावे, असे न्यायालयाने म्हटले.
• १९८७ : कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांसंबंधी स्वतंत्र प्रकरणाचा समावेश. नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० हिने घेतली आहे.
• १९८९ : घातक रसायनांचे उत्पादन, साठवणूक व आयात यांसंबंधीचे नियम. कुंपणाच्या आतील आपत्कालीन आराखडा उद्योगाने व बाहेरील आराखडा जिल्हा प्रशासनाने करावयाचा असतो.
• १९९१ : सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम. यानुसार चूक सिद्ध होण्याची वाट न पाहता बाधितांना तातडीचे साहाय्य मिळते.
• १९९६ : रासायनिक अपघातांसंबंधीचे नियम. केंद्र, राज्य, जिल्हा व स्थानिक पातळीवर आपत्ती गटांची रचना.
• २००५ व २००७ : आपत्ती व्यवस्थापन अधिनियम आणि त्यानंतर रासायनिक आपत्तींविषयी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे.
• २०१० : राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम. विशाखापट्टणमच्या घटनेनंतर दुसऱ्याच दिवशी न्यायाधिकरणाने कंपनीस ५० कोटी रुपये जमा करण्याचा आदेश दिला.

कायद्यांची ही मालिका मोठी आहे, मात्र ती बव्हंशी प्रत्येक दुर्घटनेनंतर वाढत गेली आहे. आता गरज आहे ती अंमलबजावणीची. निरीक्षकांची पुरेशी संख्या व त्यांचे तांत्रिक प्रशिक्षण, बंद असलेल्या सुरक्षा यंत्रणेची नोंद सक्तीने जाहीर करणे, विम्याचा हप्ता सुरक्षेच्या दर्जाशी जोडणे आणि औद्योगिक क्षेत्रालगत वस्ती वाढू न देणारे नगरनियोजन हे त्याचे मार्ग आहेत. शेवटचा मुद्दा महाराष्ट्रालाही तितकाच लागू आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांची झळ लगतच्या रहिवाशांना बसली, कारण कारखाने व घरे यांतील अंतर वर्षानुवर्षे कमी होत गेले होते.

समारोप

उष्मादायी अभिक्रियेतून मिळणारी उष्णता निसर्गनियमाने ठरलेली असते, तीत कपात करता येत नाही. ती सामावून घेणारे वस्तुमान, ती बाहेर नेणारा मार्ग आणि तिची चाहूल लागण्याची वेळ या तीन गोष्टी मात्र माणसाच्या हाती असतात. पाणी अधिक घेणे, शीतकरण चालू ठेवणे, तापमान योग्य जागी मोजणे आणि व्हॉल्व्ह दुरूनही बंद होईल याची खात्री करणे ही सर्व कामे साधी, कंटाळवाणी आणि खर्चाच्या यादीत प्रथम छाटली जाणारी आहेत. रासायनिक उद्योग खते, औषधे, इंधन व रोजगार पुरवितो, त्याशिवाय विकास संभवत नाही. परंतु त्या विकासाची खरी किंमत मांडताना देखभालीचा खर्च हा अनुत्पादक खर्च नसून हाताशी वेळ राखून ठेवणारी गुंतवणूक आहे, असे मानावे लागेल. उद्या प्रशासनात जाणाऱ्या ज्या अधिकाऱ्यासमोर एखाद्या जिल्ह्याचा आपत्कालीन आराखडा स्वाक्षरीसाठी येईल, त्याने त्यातील यंत्रणा कागदावर आहे की प्रत्यक्षात चालू आहे, एवढे विचारले तरी या अभ्यासाचे सार्थक होईल.